पद्मपूरचा महावीर

आमगावाजवळचे पदमपूर हे खेडे म्हणजेच भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत सांगितलेले पद्मपूर होय, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मोठ्या विद्वत्तेने मांडले. दुर्गकडे सापडलेला, अर्धवट कोरून राहिलेला एक वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिला गेल्याचा उल्लेख त्या ताम्रपटातच आहे, आणि त्याच्या आधारे त्यांनी या विदर्भाच्या पूर्व सीमेवर कवीचे मूळ स्थान शोधले. काश्यप गोत्राचे व तैत्तिरीय शाखेचे हे उदुंबर घराणे. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, आणि कवीचे स्वतःचे नाव श्रीकंठ. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला असलेल्या या पुरुषाच्या नावाने आज आमगावात महाविद्यालय आहे, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या निघालेल्या गोंदिया जिल्ह्याला, भाताच्या गिरण्या आणि तलाव यांखेरीज, सांगण्यासारखे हे एक मोठे वैभव आहे.

भवभूतीच्या तीन नाटकांपैकी दोन रामावर आहेत. ‘महावीरचरित’ हे रामाच्या पराक्रमाचे नाटक, आणि ‘उत्तररामचरित’ हे त्याच्या राज्यकालातील दुःखाचे. या दोन नाटकांतला वीर एकच आहे काय, आणि एकच असेल तर त्याचे वीरत्व कशात मानावयाचे, याविषयी आमगावचे एक निवृत्त संस्कृत अध्यापक आणि गोंदियाच्या न्यायालयात दीर्घकाळ वकिली केलेले त्यांचे एक स्नेही यांच्यात झालेला वाद मला ऐकावयास मिळाला. दोघांनाही राम प्रिय आहे, पण प्रिय असण्याची त्यांची कारणे इतकी भिन्न आहेत की, तो वाद येथे द्यावासा वाटला.

वकीलसाहेब : गुरुजी, तुमच्या कवीवर माझी पहिली फिर्याद अशी आहे की, त्याने अस्सल दप्तरात फेरफार केला. वाल्मीकींच्या काव्यात रामाने वालीला तो सुग्रीवाशी लढण्यात गुंतला असता आडून बाण मारला, आणि मरणाच्या दारात पडलेल्या वालीने त्याला असा खडसावून जाब विचारला की, त्या सबंध महाकाव्यात रामाला इतक्या कठोर शब्दांत क्वचितच कोणी बोलले असेल. रामाने जी कैफियत दिली ती कोणाला पटते, कोणाला पटत नाही. परंतु आरोप आणि कैफियत ही दोन्ही आदिकवीने मिसलीत ठेवली, एकही कागद काढून टाकला नाही. ‘महावीरचरिता’त पाहावे तो वाली उघडपणे रामाच्या समोर येतो, समोरासमोर युद्ध होते, आणि मरताना तोच सुग्रीवाचा हात रामाच्या हाती देतो. ज्याच्या तोंडी मूळ फिर्याद होती, त्यालाच तुमच्या कवीने नायकाचा साक्षीदार करून टाकले.

गुरुजी : वकीलसाहेब, नाटककाराला आपण दप्तरदार समजता ही आपली मूळची चूक. आपल्या नाट्यशास्त्रकारांनी नाटककाराला एक अधिकार दिलेला आहे : रसाला आणि नायकाच्या उदात्ततेला बाध आणणारा कथाभाग त्याने गाळावा किंवा अन्यथा कल्पावा. कालिदासाने शाकुंतलात दुर्वासाच्या शापाची योजना करून दुष्यंताला विस्मृतीच्या दोषातून सोडविले, तेव्हा आपण त्याच्यावर फिर्याद केली नाहीत. आणि भवभूतीने नुसते गाळले असते तर आपला आक्षेप मी विचारात घेतला असता. त्याने त्या जागी एक नवीन विश्व उभे केले. रावणाचा वृद्ध मातामह आणि अमात्य माल्यवान हा त्या नाटकाचा खरा सूत्रचालक आहे. परशुरामाला चिथावून मिथिलेला पाठविणारा तो, शूर्पणखेला मंथरेच्या रूपाने कैकेयीचे पत्र घेऊन धाडणारा तो, आणि रावणाच्या मैत्रीची भीड घालून वालीला रामाच्या वाटेत उभा करणाराही तोच. वाल्मीकींकडे ज्या घटना दैवाने, रागाने आणि मोहाने घडतात, त्या येथे एका थोर मुत्सद्द्याच्या मसलतीने घडतात. बाहुबळाला बाहुबळ भेटले तर मल्लयुद्ध होते. या नाटकात बाहुबळाला राजनीती भेटते. एका तरुण राजपुत्राविरुद्ध एका साम्राज्याची सारी बुद्धी उभी राहते, आणि तो सरळ माणूस सरळपणानेच तिच्यातून पार होतो. अशा नाटकात झाडाआडून मारलेला बाण बसणार कोठे? सारे कपट एका बाजूला गोळा केल्यावर दुसऱ्या बाजूला त्याचा कणही राहता कामा नये, हे त्या रचनेचेच मागणे आहे.

(माल्यवानाविषयीचे गुरुजींचे हे प्रतिपादन मला पूर्णपणे मान्य आहे. मुद्राराक्षसाची स्तुती करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी ‘महावीरचरिता’तील या मंत्र्याकडे फारसे लक्ष दिले नाही, याची खंत वाटते. आपल्या पक्षाचा पाडाव होणार हे कळत असूनही स्वामिनिष्ठेने डाव मांडीत राहणारा हा म्हातारा संस्कृत रंगभूमीवरील अत्यंत खऱ्या माणसांपैकी एक आहे.)

वकीलसाहेब : माल्यवान मला आवडतो, माझ्या धंद्यातला माणूस आहे तो. पण त्याच्यामुळे कोणकोण निर्दोष सुटले याची यादी पाहा. कैकेयी सुटली, कारण मंथरा ही मंथरा नव्हतीच. वाली सुटला, कारण तो मैत्रीच्या भिडेने आला. राम सुटला, कारण लढाई समोरासमोर झाली. एका माल्यवानाच्या खात्यावर सगळ्यांचे कर्ज चढविले आणि बाकी सारे बेबाक झाले! आणखी एक बाब. ‘महावीरचरिता’च्या पाचव्या अंकातील ४६ व्या श्लोकापुढचा मजकूर पोथ्यांतून एकसारखा मिळत नाही, पुढचा भाग दुसऱ्यांनी पुरा केला, असे पंडितच सांगतात. वालीचा प्रसंग त्याच अंकातला. म्हणजे ज्या कलमावर नायकाची निर्दोष सुटका अवलंबून आहे, त्या कलमाच्या आसपासच लेखकाची सही संपते.

गुरुजी : सही तेथे संपते हे खरे, परंतु संकल्प त्याआधीच प्रकट झालेला आहे. चौथ्या अंकात माल्यवान जी मसलत करतो तिच्यातच वालीला रामावर घालण्याचा बेत आहे, आणि तो अंक निःसंशय भवभूतीचा. तेव्हा समोरासमोरची गाठ ही कवीची स्वतःची योजना होती, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. मग ते नाटक त्याच्या हातून अपुरे का राहिले, की पूर्ण होऊनही काळाच्या ओघात त्याचा शेष भाग नष्ट झाला, याचा निर्णय तर्काने करू नये.

वकीलसाहेब : तर्क मी करीत नाही. त्याच कवीची पुढची जबानी मी हजर करतो. ‘उत्तररामचरिता’चा पाचवा अंक काढा.

येथे वकीलसाहेबांनी जो प्रसंग सांगितला तो मी थोडक्यात देतो, कारण माझ्या मते सबंध वादाचे मर्म त्यात आहे. रामाचा अश्वमेधाचा घोडा वाल्मीकींच्या आश्रमाजवळ येतो. लक्ष्मणाचा पुत्र चंद्रकेतू त्याचा रक्षक, आणि त्याचा सारथी दशरथाच्या वेळेपासूनचा वृद्ध सुमंत्र. घोडा अडविणारा बारा वर्षांचा बटू लव हा आपण कोणाचा पुत्र हे जाणत नाही. दोन्ही मुलांना एकमेकांविषयी विलक्षण ओढ वाटते, तरी क्षात्रधर्म त्यांना लढावयास लावतो. त्या वेळी रामाच्या थोरवीचा उल्लेख होताच लव म्हणतो की, ते वडीलधारे आहेत, त्यांच्या चरित्राची चिकित्सा करू नये. आणि असे म्हणता म्हणता तो तीन गोष्टी काढतो : ताटका ही स्त्री असून तिला मारले, खराशी लढताना तीन पावले मागे घेतली, आणि इंद्रपुत्र वालीच्या वधात जे कौशल्य दाखविले ते तर जगाला ठाऊकच आहे.

वकीलसाहेब : पाहिलेत? एका नाटकात ज्याने वालीचा प्रसंग धुऊन काढला, त्यानेच दुसऱ्या नाटकात तो परत आणला, आणि आणला कोणाच्या मुखाने? शत्रूच्या नव्हे, चार्वाकाच्या नव्हे, रामाच्या पोटच्या पोराच्या मुखाने. माझे म्हणणे एवढेच की, कवीला स्वतःलाच आपला पहिला निवाडा टिकणारा वाटला नाही. त्याने स्वतःच्याच निकालावर अपील केले.

गुरुजी : आपण ज्याला अपील म्हणता त्याला मी वात्सल्याची युक्ती म्हणेन. लव उद्धट आहे, आणि त्या औद्धत्यातच प्रेक्षकाला रघुकुलाचे रक्त दिसते. समोर आलेल्या कोणाच्याही कीर्तीने न दिपणारा हा मुलगा, रामाचा पुत्र शोभतो तो याचमुळे. प्रेक्षक जाणतो की हा पुत्र आहे. लव जाणत नाही. त्यामुळे आरोपाचे विष निघून जाते आणि केवळ तेज राहते. सहाव्या अंकात प्रत्यक्ष राम समोर येताच त्याच मुलाचा सारा आवेश विरून तो नम्र होतो, हेही सांगावयास हवे होते.

वकीलसाहेब : सांगतो, आणि त्यातूनच माझा मुद्दा बळकट होतो. राम येण्यापूर्वीच लवाचे बोलणे झालेले असते. म्हणजे आरोपीच्या गैरहजेरीत आरोप वाचला गेला, आणि राम आल्यावर त्याचे उत्तर कोणी मागितले नाही की दिले नाही. चंद्रकेतूला संताप येतो, तो मर्यादा सुटल्याचे बोलून दाखवितो. परंतु तुम्ही चुकीचे सांगता, वाली समोरासमोर पडला, असे तो म्हणत नाही. म्हणू शकला असता! ‘महावीरचरिता’चा सगळा आधार त्याच्या हाताशी होता. कवीने तो वापरला नाही. प्रौढ वयातल्या भवभूतीला निष्कलंक वीराची गरज उरली नव्हती, असे मला वाटते. ज्याच्यावरचा डाग त्याच्या मुलाला दिसतो, आणि तरीही ज्याच्यासमोर तो मुलगा आपण होऊन हात जोडतो, त्याची महत्ता मोठी, की ज्याचा डाग लेखकाने खरवडून काढला त्याची?

यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मताविषयी मला आदर असूनही, या एका मुद्द्यावर माझे मत वकिलांच्या बाजूने पडते. आपल्याकडे पुराणपुरुषांची चरित्रे स्वच्छ करण्याची हौस फार, आणि ती भक्तीतून येते हेही खरे. परंतु त्या स्वच्छतेत वीराच्या अंगची माणसे हादरविणारी शक्तीच निघून जाते. वाल्मीकींचा राम वालीचे ते कठोर शब्द ऐकून घेतो, यात त्याचा मोठेपणा आहे. भवभूतीला हे उमगावयास एक नाटक लिहावे लागले.

गुरुजी : तुमचे अर्धे म्हणणे मी मान्य करतो. परंतु वीरत्वाची परीक्षा वालीवर संपते असे जे तुम्ही धरून चालला आहात, ते मला मान्य नाही. ‘उत्तररामचरिता’त राम शस्त्राने काय करतो याला महत्त्वच नाही. पहिल्या अंकात अष्टावक्र वसिष्ठांचा निरोप आणतात की प्रजेला संतुष्ट राख, आणि राम सहज बोलून जातो की प्रजेसाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीसुद्धा सोडताना मला व्यथा होणार नाही. घटकेभरात दुर्मुख लोकापवाद घेऊन येतो आणि ते बोलणे खरे करण्याची वेळ येते. त्या वेळी सीता त्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपलेली असते. ज्या बाहूने शिवधनुष्य मोडले तोच बाहू त्याला तिच्या मस्तकाखालून हळूच काढून घ्यावा लागतो. महावीराच्या बाहूचे इतके भयंकर काम सबंध रामायणात दुसरे नाही. पुढे तिसऱ्या अंकात, बारा वर्षांनी पंचवटीत आलेला तो पुरुष वारंवार मूर्च्छित होतो, वनदेवता वासंती त्याला टोचून विचारते, आणि भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य झालेली सीता तमसेच्या संगतीने हे सारे पाहते. तिच्या स्पर्शाने तो सावध होतो आणि ती त्याला दिसत नाही. वीराने रडू नये असे मानणाऱ्या परंपरेत भवभूतीने एवढ्या मोठ्या वीराला इतके रडविले, तरी कोणाही प्रेक्षकाला त्याची कीव येत नाही, भय वाटते. इतके सोसून ज्याला राज्य चालवावे लागते तो महावीर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या संस्कृत कविपंचकात याच कवीला कालिदासाच्या शेजारी बसविले, ते उगीच नव्हे.

आणि त्या अरण्याचे वर्णन! हत्तींनी मोडलेल्या सालईच्या डिंकाचा वास, गुहांतून घुमणारी अस्वलांची गुरगुर, तहानेलेले सरडे अजगराच्या अंगावरचा घाम चाटतात असे ते उष्ण मध्याह्न. ही वने कवीने पोथीतून घेतली नाहीत. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या रानांत सालई आहे, अस्वल आहे, अजगर आहे. पदमपूरच्या मुलाने लहानपणी जे अरण्य पाहिले तेच त्याने दंडकारण्य म्हणून लिहिले, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि माझी तशी श्रद्धा आहे.

वकीलसाहेब : ती श्रद्धा मलाही हवीशी वाटते. पण त्या अरण्यात राम कशासाठी आला होता, हे विद्यार्थ्यांना सांगितलेत काय? सीतेच्या आठवणीसाठी नव्हे. शंबूक नावाचा शूद्र तप करतो म्हणून त्याचा शिरच्छेद करावयास आला होता. तिसऱ्या अंकातले सारे अश्रू दुसऱ्या अंकातल्या त्या तरवारीच्या वाटेने आलेले आहेत. आणि शंबूकाचे काय होते? वध होताच तो दिव्य पुरुष होऊन प्रकटतो, रामाचे उपकार मानतो, आणि त्यालाच जनस्थान दाखवीत हिंडतो. वालीच्या बाजूने बोलणारा लव तरी कवीने निर्माण केला. शंबूकाच्या बाजूने बोलणारा कोणी केला? मारणाऱ्याचे आभार मानण्याचे काम त्याने मारल्या गेलेल्यावरच सोपविले.

गुरुजी : राम त्या वेळी आपल्या उजव्या हाताला काय म्हणतो ते आठवा. गर्भिणी सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला करुणा कोठून असणार, असे म्हणून तो हात उचलतो. स्वतःच्या हाताला असे बोलणारा दुसरा वीर दाखवा. कवीने शंबूकाचा वकील उभा केला नाही हे खरे. पण आरोप त्याने रामाच्याच मुखी घातला.

वकीलसाहेब : तो आरोप सीतेविषयीचा आहे, गुरुजी. शंबूकाला मारणे कठोर आहे एवढे रामाला कळते. ते अन्यायाचे आहे असे त्याला वाटत नाही, कवीलाही वाटले नाही. आठव्या शतकातल्या माणसाला मी त्याबद्दल फासावर चढवू इच्छीत नाही. पण आपल्याच विदर्भात, रामटेकच्या टेकडीवर धूम्रेश्वराचे देऊळ आहे, आणि तेथली कथा सांगते की शंबूकाने मरताना वर मागितला : रामाने या टेकडीवर राहावे, आणि रामाच्या आधी माझी पूजा व्हावी. पंडितांच्या नाटकात जो केवळ कृतज्ञ होतो, तो लोकांच्या आठवणीत आपला हक्क मागून घेतो, आणि रामाला तो मान्य करावा लागतो. रामाचा मोठेपणा मला त्या वरदानात अधिक दिसतो.

गुरुजी : (थोडे थांबून) ही कथा मला ठाऊक आहे, आणि रामटेकला गेलो असता धूम्रेश्वराला नमस्कार केल्याखेरीज मी पुढे गेलेलो नाही. पण नाटक शिकविताना मी तो प्रवेश भरभर उरकीत असे. विद्यार्थ्यांनी विचारू नये असे वाटे.

वकीलसाहेब : मग आता एक करा. महाविद्यालयातल्या मुलांकडून भवभूती मराठीत बसवून घ्या. आपल्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकली की मंडईच्या दिवसांत गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. भवभूतीची नाटकेही कालप्रियनाथाच्या यात्रेतच झाली होती. जत्रेतला प्रेक्षक त्याला परका नव्हता. एकाच रात्री आधी ‘महावीरचरिता’तला माल्यवान आणि वालीची समोरासमोरची लढाई दाखवा, आणि मग ‘उत्तररामचरिता’तला लव. लोकांना दोन्ही ऐकू द्या आणि कौल त्यांचा घ्या.

गुरुजी : तिसरा अंक गाळाल तर मी हात लावणार नाही.

वकीलसाहेब : कबूल. दुसरा गाळाल तर मी वर्गणी देणार नाही.

गुरुजी : दुसरा ठेवू, आणि भरभर उरकावयाचा नाही. शंबूकाच्या भूमिकेसाठी चांगल्या आवाजाचा मुलगा लागेल. सालेकशाकडचा एक आहे माझ्या पाहण्यात.